गाठोडं बाहेर ठेवा म्हणे

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. पुलाखालच्या माणसांना गाडीत चढवतायत. खाली टाळ्या, अंगठे, आणि एका काकांचं, "निवारा केंद्रं आहेत हो, यांनाच तिथे राहायचं नसतं." डोकंच फिरलं माझं.

का राहायचं नसतं, विचारलंय कधी?

आमच्या स्टेशनबाहेर बसणाऱ्या मावशींना गेल्या पावसाळ्यात मी आणि माझी मैत्रीण एका निवाऱ्यात घेऊन गेलो होतो. किती विनवण्या करून तयार केलं होतं! दारातच विचारलं, आधार कार्ड? आणि लगेच, "ते गाठोडं बाहेर ठेवा, वास येतोय." मावशींनी गाठोडं पोटाशी धरलं आणि आल्या पावली परतल्या. भर पावसात.

मानसिक आरोग्य कायदा 2017 सालचा. त्यात बेघर मनोरुग्णांना सरकारी ठिकाणी मोफत उपचारांचा हक्क दिलाय, दारिद्र्यरेषेचं कार्ड नसलं तरी. शहरात दर 1 लाख लोकांमागे 100 जणांचा कायमचा निवारा हवा, हेही सरकारी योजनेतच लिहिलं होतं. पण दारात बसलेला माणूस खेकसला की हे सगळं कागदावरच राहतं ना! ज्या बाईला आयुष्यभर सगळ्यांनी हाकललंय, तिला पुन्हा खेकसून काय आत घेणार?

मान्य, तिथे रात्रपाळीला एकटाच माणूस असतो. ढेकूण होतात, चोऱ्या होतात. त्याला कुणी काही शिकवलेलंही नसतं. त्याच्यावर माझा राग नाही, खरंच नाही.

पण कर्जतला डॉ. भरत आणि स्मिता वाटवानी रस्त्यावरच्या मनोरुग्णांना आणतात, खाऊपिऊ घालतात, औषधं देतात. माणूस बरा होऊन बोलायला लागला की गावाचं नाव कळतं, मग घरी पोचवतात. कार्ड आधी मागत नाहीत. 2018 मध्ये डॉ. भरत यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने शेअर केलं होतं. मग आपल्या वॉर्डात हे का नको?

मावशींनी नंतर मला गाठोडं उघडून दाखवलं. स्टीलचा डबा, दोन लुगडी, आणि प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळलेलं नवऱ्याच्या नावाचं रेशनकार्ड. ओळख मागणाऱ्याने तेवढं गाठोडं आत येऊ दिलं असतं तर!

प्रत्येक निवाऱ्यात सामानाला कुलपाचं कपाट हवं, आठवड्यातून एकदा तरी समुपदेशक यायला हवा, आणि रात्रपाळीच्या माणसाला नीट प्रशिक्षण व पगार. वॉर्ड ऑफिसात हेच मागायला जाणार आहोत. कोण कोण येताय? कमेंटमध्ये लिहा.