'मेड इन इंडोनेशिया' बघून दिलेल्या एका स्टारला आमचं उत्तर

नमस्कार. तुम्ही रिव्ह्यूत लिहिलंय की अमेरिकन कंपनीची गिटार म्हणून 42,000 रुपये मोजले, घरी गेल्यावर हेडस्टॉकच्या (तारांच्या खुंट्या असतात त्या टोकाच्या) मागे 'मेड इन इंडोनेशिया' दिसलं, आणि मे महिन्यात फ्रेटची (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं मुलाच्या बोटांना टोचायला लागली. म्हणजे आम्ही डुप्लिकेट माल गळ्यात मारला, असं तुमचं म्हणणं.

आधी आमची चूक. काउंटरवरच्या मुलाने ब्रँड सांगितला, देश सांगितला नाही. तुम्ही विचारलं नसतं तरी सांगायलाच हवं होतं. मनापासून माफी मागतो. आता किमतीच्या प्रत्येक चिठ्ठीवर देश लिहिलाय.

पण डुप्लिकेट हा शब्द मला मान्य नाही. फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीचा एक कारखाना कॅलिफोर्नियात कोरोना नावाच्या शहरात आहे, दुसरा 1987 पासून मेक्सिकोत एन्सेनाडाला. पीआरएस या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या महागड्या गिटारी अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये बनतात, स्वस्तातली एसई मालिका आशियात. नाव एकाचं, कारखाने वेगळे, आणि हे कंपन्या स्वतःच गिटारीवर छापतात. अमेरिकेत बनलेली आमच्याकडे लाखाच्या बरीच पुढे जाते. त्यात फ्रेटबोर्डच्या (फ्रेट बसवलेल्या लाकडी पट्टीच्या) कडा जास्त निगुतीने घासलेल्या असतात, पिकअप (तारांचा आवाज पकडणारे भाग) आणि ट्यूनर (तारा जुळवायच्या खुंट्या) वरच्या दर्जाचे असतात, पुढे विकताना भावही चांगला येतो. हा फरक खरा आहे. पण शिकणाऱ्या मुलाच्या हातात तो दुपटी-तिपटीच्या पैशाइतका जाणवतो, असं मला इतक्या वर्षांत दिसलं नाही. आणि कित्येक अमेरिकन गिटारींच्या फ्रेटबोर्डला लाकूड आपल्या भारतातल्या शिसवाचंच असतं!

टोकं टोचतात त्याचं कारण इंडोनेशिया नाही, आपला उन्हाळा आहे. पारा 45 च्या वर जातो, हवा कोरडी ठाक पडते. लाकूड आडवं आकसतं, फ्रेटची धातूची पट्टी आकसत नाही, म्हणून तिची टोकं कडेला बाहेर येतात. मागच्या वर्षी आमच्या भिंतीवरच्या एका अमेरिकन गिटारीचीही टोकं मला कानस घेऊन घासावी लागली. त्यात रात्रभर कूलर चालू आणि दिवसा बंद, म्हणजे लाकूड फुगतं आणि पुन्हा आकसतं, नेक म्हणजे दांडी वाकते, तारा खरखरतात. गिटार केसमध्ये ठेवा, कूलरच्या झोतात नको. आर्द्रता 45 ते 55 टक्के राहिली तर उत्तम. विकतानाच हे सांगणं आमचं काम होतं, तेही राहिलं.

गिटार नागपुरात बर्डीच्या दुकानात घेऊन या. टोकं घासून, ट्रस रॉड (नेकमधली, तिचा बाक सांभाळणारी सळई) बघून, तारांची उंची लावून देतो, एक रुपयाही घेणार नाही. मुलाला नक्की आणा. तीन देशांच्या तीन गिटारी, एकच अँप, सारख्याच जाडीच्या तारा, आणि त्याने डोळे मिटून वाजवायचं. त्यानंतरही ही नको वाटली तर पूर्ण पैसे परत. सोमवारी बंद असतं, बाकी दिवशी अकरानंतर मी स्वतः दुकानात असतो.