निवेदन दिलं, पुढे काय? खटावच्या वाचकांना उत्तर

आमदारांकडे मागणी कशी मांडावी, या लेखाखाली खटाव तालुक्यातल्या एका वाचकांनी कडक शब्दांत प्रतिक्रिया दिली आहे. थोडक्यात ती अशी: ‘ओढ्यावरच्या फरशी पुलासाठी आमच्या गावानं तीनदा निवेदन दिलं. फोटो निघाले, काम शून्य. तुमचे कागदी उपाय शिकल्या-सवरलेल्यांना ठीक. सरकारला रास्ता रोकोच कळतो.’

दादा, तुमचा राग रास्त आहे. फरशीवरून पाणी गेलं की पोरांची शाळा बुडते, दूधगाडी अलीकडेच थांबते. पण तीन निवेदनं वाया गेली म्हणून लिहून मागणं वाया, हे मला पटत नाही. त्या निवेदनांत नेमकं काय मागितलं होतं, ते आधी बघू.

बहुतेक निवेदनांचा शेवट ‘तरी सदर काम त्वरित व्हावे ही नम्र विनंती’ असा असतो. स्वीय सहायक त्याला आमदारांचं पत्र जोडतात, ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’. इकडे जावक क्रमांक पडतो, तिकडे कार्यकारी अभियंत्यांच्या कार्यालयात आवक क्रमांक पडतो आणि कागद फाइलला लागतो. यात कुणी काही दडपलेलं नसतं. कुणाला, काय, किती तारखेपर्यंत करायचं हे कागदावर नसल्यानं पुढं काही होत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, रस्ता कुणाचा ते काढा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात; प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. प्रत्येक रस्त्याला क्रमांक असतो, ग्रामा (ग्रामीण मार्ग) किंवा इजिमा (इतर जिल्हा मार्ग) अमुक. तो क्रमांकच नसेल तर पुलाचा विषय नंतरचा, आधी रस्ता योजनेत घ्यायची मागणी करावी लागते. चुकीच्या विभागाला गेलेलं पत्र ‘सदर रस्ता या विभागाच्या अखत्यारीत नाही’ एवढ्या एका ओळीवर परत येतं आणि त्यात दोन-तीन महिने जातात.

आणि आमदार कोण, तेही तपासा. खटाव तालुका एका मतदारसंघात नाही, काही गावं माणमध्ये आहेत, काही कोरेगावात. शिवाय विधान परिषदेचे पुणे पदवीधर आणि पुणे शिक्षक हे दोन्ही मतदारसंघ सातारा-सांगलीपर्यंत येतात. त्या आमदारांनाही सभागृहात प्रश्न विचारता येतो, आणि त्यांच्याकडे गावकरी क्वचितच जातात. गावात पदवीधर मतदार असतील तर त्यांच्या सह्यांचं वेगळं पत्र द्या.

आता पैशाचं. आमदार निधी वर्षाला ५ कोटी रुपये, आणि तो कितीतरी गावांत वाटायचा. त्यातून पूल मागितला तर नकारच येणार. ‘पंचवीस पंधरा’तून, म्हणजे ग्रामविकासच्या २५१५ या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या खात्यातून), गावातला काँक्रीट रस्ता, गटार, सभामंडप अशी कामं होतात, पण पुलाला तो निधी तोकडा पडतो. पुलासाठी जिल्हा नियोजन समितीकडचा रस्त्यांचा निधी नाही तर राज्याचा अर्थसंकल्प, हे खरे मार्ग. नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य सचिव जिल्हाधिकारी. त्या बैठकीत आमदार बसतात, तेव्हा आमदारांकडे मागायचं ते हे: ‘हे काम जिल्हा वार्षिक योजनेच्या आराखड्यात सुचवा.’ मार्चच्या अर्थसंकल्पात काम यायचं असेल तर मागणी आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात टेबलावर हवी. फेब्रुवारीत धावपळ करून हाती काही लागत नाही.

सोबत ग्रामसभेचा ठराव हवा, त्यावर क्रमांक, तारीख, सूचक आणि अनुमोदक. शाखा अभियंत्यांकडून ढोबळ अंदाजपत्रक मिळवा. ते देत नसतील तर ‘या पुलाचा प्रस्ताव कधी, कुणाकडे पाठवला, सध्या कुठे आहे’ एवढंच माहिती अधिकारात विचारा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि तेच उत्तर पुढच्या पायरीला उपयोगी पडतं.

ती पायरी म्हणजे तारांकित प्रश्न, म्हणजे आमदारांनी सभागृहात मंत्र्यांना विचारायचा आणि मंत्र्यांनी तिथंच तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न. मागच्या लेखात मी याला दोनच ओळी दिल्या, म्हणून इथे सविस्तर. सरकारी कचेऱ्यांत याला ‘एलएक्यू’ (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन) म्हणतात. एलएक्यू आला की मंत्रालयातून विचारणा जिल्ह्यात येते, आणि ज्या टेबलावर तुमची फाइल पडून आहे त्याच टेबलाला लेखी उत्तर द्यावं लागतं. प्रश्न सभागृहात पुकारला गेला नाही तरी एवढं होतंच. म्हणून साध्या पत्रापेक्षा त्याचं वजन जास्त.

प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. पहिला भाग, ‘अमुक गावाजवळील ओढ्यावरील पुलाचा प्रस्ताव अमुक तारखेपासून प्रलंबित आहे, हे खरे आहे काय?’ दुसरा, ‘असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे?’ आणि शेवटी, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ घोळ पहिल्या भागात होतो. ‘वारंवार अपघात होऊन अनेकांचे बळी गेले आहेत’ असं भावनेच्या भरात लिहिलं आणि नोंद तशी नसली, तर विभाग ‘हे खरे नाही’ म्हणतो आणि खालच्या सगळ्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ असं उत्तर येतं. वर्षाची मेहनत एका शब्दानं जाते. पहिल्या भागात फक्त कागदावर सिद्ध होणारं लिहा: प्रस्तावाची तारीख, जावक क्रमांक, ठरावाची तारीख. मग विभागाला ‘हे खरे आहे’ किंवा ‘अंशतः खरे आहे’ म्हणावंच लागतं, आणि पुढच्या भागांचं उत्तर टाळता येत नाही.

हा मसुदा स्वीय सहायकांच्या हातात टाईप करून द्या, एक पान, मागे पुरावे. सरासरी तीन लाखांवर मतदार सांभाळणाऱ्या कार्यालयात तुमच्या पुलाची टिपणं काढायला कुणाला सवड नसते. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या कितीतरी आधी जातात, त्यामुळे डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनासाठी कागद दसऱ्याच्या आसपास पोचला पाहिजे. मुदत हुकली तर लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना, मागता येते, पण तिथं चढाओढ मोठी, आणि कोणती घ्यायची ते विधानसभा अध्यक्ष ठरवतात. मंत्र्यांनी सभागृहात ‘करू’ म्हटलं तर ते वाक्य सभागृहाच्या कार्यवृत्तातून (कामकाजाच्या छापील नोंदीतून) उतरवून ठेवा. दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करायला विधानमंडळाची आश्वासन समिती असते.

आता रास्ता रोको. त्याला माझा विरोध नाही. पण तो कसा सुटतो ते आठवा. दुपारी उपअभियंता किंवा नायब तहसीलदार येतात, ‘प्रस्ताव वरिष्ठांकडे पाठवण्यात येईल’ असं लेखी देतात, टाळ्या पडतात. प्रस्ताव तर आधीच गेलेला असतो! पैशाचा अधिकार नसलेल्या अधिकाऱ्याकडून याहून जास्त मिळणार नाही. गुन्हे मात्र पोरांवर दाखल होतात, कारण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा जमावबंदीचा मनाई आदेश बऱ्याचदा लागू असतो. आंदोलन करायचंच असेल तर नियोजन समितीच्या बैठकीआधी करा आणि मागणी एकच ठेवा: आराखड्यात कामाचं नाव.

‘आमदारकीतून गावाचं काही होत नाही’ असंही तुम्ही लिहिलंत. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात वि. स. पागेंच्या पुढाकारानं रोजगार हमीचा प्रयोग झाला, आणि १९७७ मध्ये विधिमंडळानं त्याचा कायदा केला. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. गावात करून पाहिलेलं त्यांनी सभागृहापर्यंत नेलं.

तुमच्याकडे तीन निवेदनांच्या पोचा असतील. त्यांवरचे आवक क्रमांक, रस्त्याचा क्रमांक आणि ठरावाची तारीख खाली प्रतिक्रियेत लिहा. प्रश्नाचा पहिला भाग आपण इथेच बसवू.