सगळ्यांच्या पगाराची खबर

काय काम करतेस, असं कोणी विचारलं की मी "ऑफिसात" एवढंच सांगून विषय बदलू पाहते. कंपनीतले पगार आणि सोयीसवलती सांभाळते, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "मग स्वतःचा पगार का नाही वाढवून घेत?" हा विनोद जगात आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं प्रत्येकाला वाटतं. मी हसते. नोकरीचाच भाग आहे तो.

खरं तर मी कोणाचाही पगार ठरवत नाही, मी फक्त पट्टे आखते. प्रत्येक पदाला एक पे बँड असतो. त्याला खालचं टोक, वरचं टोक आणि मध्ये मिडपॉइंट. हा मिडपॉइंट बाजारातल्या पगारांचा सर्व्हे घेऊन, बहुधा त्याच्या मीडियनवर, म्हणजे चढत्या क्रमाने लावलेल्या पगारांतल्या बरोब्बर मधल्या आकड्यावर, बेततात. तुमचा पगार भागिले मिडपॉइंट, की झाला तुमचा कॉम्पा-रेशो. तो एकच्या खाली असेल तर अजून वाढायला वाव आहे. एकच्या बराच वर असेल, तर तेवढ्याच चांगल्या कामाला वाढीचे टक्के कमी. कागदावर हे इतकं न्याय्य दिसतं की मला स्वतःचाच अभिमान वाटतो. मग इन्क्रिमेंटची पत्रं निघतात.

"मॅडम, रेटिंग दोघांचं सारखंच. मग त्याला आठ टक्के आणि मला सहा?"

"तुम्ही बँडमध्ये वर आहात ना."

"वर आहे म्हणून कमी?"

"हो."

"म्हणजे इतकी वर्षं मी कमी पगार घ्यायला हवा होता?"

यातली खरी गंमत, म्हणजे माझ्यापुरती शोकांतिका, अशी की त्यांचे सहा टक्के रकमेत त्या दुसऱ्याच्या आठ टक्क्यांपेक्षा जास्त भरतात. हे एक वाक्य बोलले तर गृहस्थ हसत जागेवर जाऊन बसतील. पण ते बोलायचं म्हणजे दुसऱ्याचा पगार फोडायचा! तेव्हा मी गप्प बसून स्क्रीनकडे बघते आणि ते माझ्याकडे. दुसऱ्याचे टक्के त्यांना कुठून कळले, हे विचारण्यात अर्थ नसतो. पगार गुप्त असतात असं फक्त माझ्याच खात्याला वाटतं.

सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल या दोघांनी कॅपुचिन माकडांवर केलेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. माकडिणीने हातातलं टोकन परत दिलं की तिला काकडीचा तुकडा मिळायचा आणि ती तो आवडीने खायची. शेजारणीला त्याच कामाचं द्राक्ष मिळताना दिसलं, की मात्र हीच काकडी नकोशी व्हायची. विषमतेची जाण किती जुनी आहे, यावर पुष्कळ चर्चा झाली. मला आपली काळजी वाटली ती काकडी वाटायला बसलेल्या माणसाची. त्याची विचारपूस कोणी केली नाही.

आमच्या धंद्यातल्या पूर्वजांचं तरी बरं चाललं होतं म्हणावं, तर तसंही नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९४९ साली वेतन संरक्षणाचा करार केला, क्रमांक ९५. त्यात चक्क लिहिलंय की पगार कडक दारूच्या रूपात देऊ नये, आणि दारूच्या गुत्त्यात नेऊनही देऊ नये. गुत्त्यातच नोकरीला असलेल्यांना तेवढी सूट. ज्या अर्थी असं कलम घालावं लागलं, त्या अर्थी कुठेतरी पगाराच्या दिवशी टेबलावर बाटली सरकवून "सही करा" म्हणणारा माझा एक व्यवसायबंधू होऊन गेला असणार. आम्ही जिमची सवलत देतो. तक्रारी बहुधा त्याच्यापेक्षा जास्त येतात.

आरोग्य विम्याचं तर विचारूच नका. घरच्यांची नावं घालायची लिंक उघडते, मी मेल पाठवते, आठवण पाठवते, शेवटची आठवण पाठवते, लिंक बंद होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात घोळका. "मेल आला होता का? काय सांगता!" पॉलिसी मात्र कोणीच वाचत नाही, ती वाचली जाते थेट हॉस्पिटलच्या काउंटरवर उभं राहून, आणि तिथून फोन मला.

तर इन्क्रिमेंटच्या काळात माझं आणखी एक काम असतं. पत्र हातात देताना काय बोलावं, याचे मुद्दे मी सगळ्या मॅनेजरांना लिहून देते. आधी कामाचं कौतुक, मग बजेटची मर्यादा, मग बँडमधली जागा, आणि शेवटी "तुमचं इथलं भविष्य उज्ज्वल आहे". माझ्या स्वतःच्या पगाराची ओळ त्या शीटमध्ये मला दिसत नाही, ती साहेबांकडे असते. यंदा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, पत्र पुढे केलं आणि माझ्या कामाचं तोंडभरून कौतुक केलं. मग बजेटवर आले. मग थेट उज्ज्वल भविष्यावर.

"सर," मी म्हटलं, "बँडचं राहिलं."