"आपल्याकडे वर्णभेद नाय" म्हणे

गावच्या ग्रुपवर चार दिवस एकच मेसेज फिरतोय. वर्णभेद हा गोऱ्यांचा रोग, कोकणातल्या शाळेत सगळी पोरं एका बाकावर बसतात, कोणी चपट्या-काळ्या म्हटलं तर ती गंमत, आम्हालापण म्हणायचे, आम्ही काय मेलो का, मोठी झाली की विसरतात. खाली हात जोडलेल्यांची रांग.

एका बाकावर बसतात हे खरंय. आमच्या शाळेचा पट अठरा, त्यात सात पोरं नेपाळी, कलमांच्या बागेतल्या राखणदारांची नायतर बोटीवरच्या खलाशांची. ती नसती तर शाळेला टाळंच लागलं असतं.

आता गंमत. गेल्या गॅदरिंगला चौथीतल्या एकाला अख्खा पोवाडा पाठ होता, तरी त्याच्या हातात दिली काय तर शिट्टी आणि काठी, "जागते रहो शाबजी" म्हणायला. शोभून दिसतो म्हणे. सगळे हसले, मीपण हसलो, खोटं कशाला बोलू. तो बिचारा शिट्टी तोंडात धरून आईला शोधत होता.

आणि गोऱ्यांचा रोग? 2014 ला दिल्लीत अरुणाचलचा निदो तानियाम नावाचा विद्यार्थी, त्याच्या केसांवरून चिडवलं, भांडण झालं, मार खाल्ला आणि गेला, त्यानंतर ईशान्येकडच्या लोकांच्या तक्रारी बघायला सरकारला बेजबरुआ समिती नेमावी लागली. तिथे कुठले आले गोरे? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये पोरांना मारण्याबरोबर मानसिक छळालापण बंदी आहे. आणि आपण त्याच पोरांना सहलीला रत्नागिरीतला थिबा राजवाडा दाखवायला नेतो, ब्रह्मदेशचा राजा, इंग्रजांनी इथे आणून ठेवला, 1916 ला इथेच गेला. चेहरा म्हणाल तर ह्यांच्यासारखाच, पण त्याला मात्र राजेसाहेब.

मलापण काळ्या म्हणायचे हो. पण घरी गेलो की आजापासून सगळे तसेच, आणि "तुझ्या देशात जा" असं कोणी कधी म्हणालं नाय. दोन्ही एकच कसं?

राहिलं विसरण्याचं. परवा मिरकरवाड्याला मासळी घ्यायला गेलो तर एक खलाशी जाळं विणता विणता हाक मारून बोलला, आमच्याच शाळेत सातवीपर्यंत होता, मराठी माझ्यापेक्षा साफ. म्हटलं नाव काय रे तुझं, आठवत नाय. तर बोलतो, "बहादूरच म्हणा दादा, हजेरीला गुरुजी तेच घ्यायचे."