फाइल वर गेली, चिंता नसावी

आपल्याकडे माणूस वर गेला की परत येत नाही, हे सगळ्यांना मान्य आहे. फाइल वर गेली की मात्र आपण खुळ्यासारखे वाट बघत बसतो. ही आशा कशी सोडावी, हे सांगायला मी लायक आहे. आमच्या हाउसिंग सोसायटीचा मी सलग सहा वर्षं खजिनदार आहे, कारण दुसरं कुणी उभंच राहत नाही. सोसायटीचे सगळे हिशेब ढगात, म्हणजे इंटरनेटवरच्या ‘क्लाउड’मध्ये, ठेवायची कल्पनाही माझीच.

सुरुवात फुकटच्या जागेपासून करू. गूगल १५ जीबी देतं, मायक्रोसॉफ्टचं वनड्राइव्ह ५, ड्रॉपबॉक्स २. गूगलच्या त्या १५ मध्ये जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो अशी तीन बिऱ्हाडं एकाच खोलीत राहतात. त्यात २०२४ पासून अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअॅपच्या बॅकअपनेही तिथेच पथारी पसरली आहे. म्हणजे तुमचा चाळीस केबीचा ताळेबंद वर चढत नसेल, तर त्याची जागा कुणी अडवली आहे ते ओळखा. मामींनी रोज पहाटे पाठवलेले गुलाब, त्यावरचे दवबिंदू आणि खाली ‘सुप्रभात’. ते मुळीच पुसू नका. मामी दुखावतील. शिवाय खोली काठोकाठ भरली की जीमेलला नवीन मेल येणंही बंद होतं, त्यामुळे ऑडिटरची स्मरणपत्रं आपोआप थांबतात. हा फायदा कंपनी जाहिरातीत का सांगत नाही, कळत नाही.

तरीही जागा करायचीच असेल, तर पुढची कृती सर्वांत परिणामकारक आहे. विंडोजचा नवा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना आपण ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत जातो, सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजी सांगतील तिथे पळीभर पाणी सोडतो तसं. त्या गडबडीत तुमचा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटो वनड्राइव्हच्या फोल्डरात मुक्कामाला गेलेले असू शकतात. मग एक दिवस ‘जागा संपली’ असा निरोप येतो. तुम्ही ब्राउझरमध्ये जाऊन बघता, तर तिथे डेस्कटॉप नावाचं फोल्डर. मनात म्हणा, ‘ही तर नक्कल आहे, असल माझ्या मशीनवर आहेच.’ आणि बिनधास्त डिलीट करा. मशीनवरच्या आणि ढगातल्या फाइली आपोआप सारख्या ठेवणं याला सिंक म्हणतात. सिंक म्हणजे आरसा, पण हा आरसा जरा वेगळा. आरशातला टिळा पुसला की कपाळावरचाही जातो. घरगुती खात्यात पुसलेली वस्तू कचरापेटीत ३० दिवस राहते, तेव्हा चूक एकतिसाव्या दिवशी लक्षात येईल अशा बेताने कामं करावीत.

आता फाइलची नावं. विंडोजला नावात नऊ चिन्हं चालत नाहीत. तिरकी रेघ दोन्ही बाजूंची, अपूर्णविराम, तारा, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, डावा-उजवा कंस आणि उभी रेघ. कंस म्हणजे ते बाणाच्या टोकासारखे, साधे गोल कंस चालतात. जगात इतर कुठे याची फार अडचण होत नसेल, पण आपला जमिनीचा मूळ कागदच मुळी ७/१२. आमच्या डीम्ड कन्व्हेयन्सच्या, म्हणजे बिल्डरशिवायच जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याच्या वेळी पुतण्याने त्याच्या मॅकवरून ‘७/१२ उतारा’ अशी झोकात फाइल ठेवली. मॅकला तिरकी रेघ चालते. माझ्या विंडोजने तिला दारातच अडवलं. आठ दिवस आम्ही तलाठ्याला शिव्या घातल्या, तो बिचारा निर्दोष होता. तेव्हा नावात तिरकी रेघ जरूर ठेवा, महसूल खात्याबद्दल बोलायला विषय मिळतो.

फोल्डरात फोल्डर, त्यात ‘नवीन फोल्डर (२)’, त्यात ‘जुनं नवीन’ हेही चालू ठेवा. सगळा पत्ता मिळून २६० अक्षरं ही विंडोजची जुनी मर्यादा, आणि एक्सेल तर २१८ वरच हात टेकतं. फाइल डोळ्यांसमोर दिसते, क्लिक केलं की ‘सापडत नाही’ म्हणते. आमच्या वॉचमनचंही असंच आहे.

गूगल डॉक्स पेनड्राइव्हवर घेऊन झेरॉक्सवाल्याकडे जाण्याचा अनुभव ज्याने घेतला नाही, त्याने घ्यावा. ड्राइव्हच्या फोल्डरातून तुम्ही ऐटीत कॉपी केलेली ती फाइल जेमतेम एक केबीची असते, कारण तिच्यात मजकूर नसतो, मजकूर कुठे आहे त्याचा नुसता पत्ता असतो. तुम्ही जेवणाचा डबा म्हणून खाणावळीचं कार्ड नेलेलं असतं. मागे रांग वाढत जाते.

सोसायटीच्या ऑफिसातला जुना डेस्कटॉप मात्र माझा लाडका. आतला तारीख-वेळ लक्षात ठेवणारा सीआर २०३२ हा बटणाएवढा सेल मेल्यापासून तो रोज सकाळी २००९ सालात जागा होतो. तारीख चुकली की सुरक्षेची प्रमाणपत्रं त्याला खोटी वाटतात, लॉगिन होत नाही, सिंक अडतं. मी त्यावर राउटर बदलला, सिंकचं अॅप तीनदा काढून घातलं, पासवर्ड चार वेळा बदलला. सेल पन्नासएक रुपयांत मिळतो हे कळूनही मी तो अजून आणलेला नाही. इतक्या कष्टांनंतर इतका स्वस्त उपाय मनाला पटत नाही.

एकच फाइल दोघांनी एकदम उघडायची असेल तर सेक्रेटरी आणि खजिनदार ही जोडी उत्तम. आमच्या सेक्रेटरी काकू दुपारी जेवण आटोपून बसतात, मी रात्री बातम्या संपल्यावर. दोघांच्याही लॅपटॉपवर नेट नसताना बदल झाले, की ढग न्यायनिवाडा करत बसत नाही. दोन्ही ठेवतो, एकीला मशीनचं नाव चिकटवतो. मग ‘ताळेबंद’, ‘ताळेबंद फायनल’, ‘ताळेबंद फायनल काकू’ आणि ‘ताळेबंद फायनल हाच घ्या’ अशी वंशावळ तयार होते. यातल्या एकात सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीची गंगाजळी, बरोबर आहे, दुसऱ्यात पाण्याच्या टाकीचा खर्च.

चुकूनही करू नयेत अशा गोष्टी सांगून ठेवतो. फाइलशेजारची खूण बघू नये. निळा ढग म्हणजे नाव इथे, जीव तिकडे, नेट असेल तरच उघडेल. हिरवी बरोबरची खूण म्हणजे फाइल मशीनवर उतरलेली. राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ हे तर अजिबात निवडू नये. टास्कबारवरच्या ढगावर क्लिक केल्यास नेमकी कोणती फाइल का अडली ते लिहिलेलं असतं, तिकडे बघणं म्हणजे दुसऱ्याची पत्रं वाचणं. आणि एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवणाऱ्यांना तर मी भित्रेच समजतो.

यंदाची वार्षिक सर्वसाधारण सभा हे सगळं पाळून झाली. कायद्याने ती ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, म्हणून आम्ही २९ ला घेतली. गच्चीवर मांडव, प्रोजेक्टर, लॅपटॉप. ताळेबंदापुढे निळा ढग. गच्चीवर वायफाय पोचत नाही, म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट लावला. लॅपटॉपने त्याला मीटर लावलेलं, म्हणजे डेटा मोजूनमापून वापरायचं कनेक्शन ठरवलं आणि सिंक काटकसरीने थांबवलं. गणसंख्या नसल्याने सभा नेहमीप्रमाणे अर्धा तास तहकूब झाली, तेवढा वेळ माझ्या हाताशी होता. ‘एक मिनिट शिल्लक’, मग ‘चौदा मिनिटे’, मग नुसतंच ‘बदल तपासत आहे’. तोवर बटाटेवडे आले.

शेवटी जी उघडली ती उघडली. पडद्यावर आकडे दिसताच तळमजल्यावरचे काका ‘दिसतंय, दिसतंय, पुढे चला’ म्हणाले. सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, ताळेबंद सर्वानुमते मंजूर झाला. वरच्या कोपऱ्यात गेल्या वर्षाची तारीख होती. ती फक्त मला आणि काकूंना दिसली, आणि आम्ही दोघांनी एकाच वेळी चटणीकडे हात नेला.

इतिवृत्त मी त्याच रात्री टाइप करून सेव्ह केलं आहे. सिंकचे ते दोन निळे बाण अजून फिरताहेत.