‘व्याकरण नसलेली भाषा’ म्हणे!

जागतिक आदिवासी दिनाच्या भाषणासाठी भाचीने एक फॉरवर्ड वहीत जसाच्या तसा उतरवून घेतला. मजकूर असा: ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींची एकच भाषा, तिला व्याकरण नाही, शब्द जेमतेम दोनशे, तिचं मूळ संस्कृतात, काळाच्या ओघात ती आपोआप मेली. शाळकरी मुलांपर्यंत हे पोचतंय, म्हणून गप्प बसवत नाही.

एकच भाषा? १७८८ साली इंग्रज तिथे वस्तीला आले तेव्हा अडीचशेच्या वर भाषा होत्या. संस्कृतचा दावा तर नुसता ठोकून दिलाय, पुरावा शून्य.

संताप आला तो व्याकरणाच्या मुद्द्यावर. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या कार्पेंटारियाच्या आखातातली बेटं आणि समोरचा किनारा एवढ्याशा पट्ट्यात टँगकिक नावाचं छोटं भाषाकुल आहे: लार्डिल, कायार्डिल्ड, युकुल्टा वगैरे. त्यातल्या एकट्या कायार्डिल्डचं निकोलस इव्हान्स यांनी १९९५ साली छापलेलं व्याकरण आठशे पानांच्या वर जातं. ‘बाईने माणसाच्या जाळ्याने मासा पकडला’ हे वाक्य घ्या. कायार्डिल्डमध्ये ‘माणूस’ या शब्दाला आधी षष्ठीचा प्रत्यय लागतो, जाळं तृतीयेत म्हणून ‘माणूस’वरही तृतीयेचा, आणि घटना होऊन गेलेली म्हणून त्यावर आणखी एक. म्हणजे काळाची खूण नामावरसुद्धा! आपण सात विभक्त्या पाठ करताना रडतो, आणि हिला व्याकरण नाही म्हणायचं?

दोनशे शब्दांचं म्हणाल, तर तेवढ्याच्या आसपास मूळ शब्द असलेली एक बोली तिथे खरंच होती, हे मान्य करावं लागतं. तिचं नाव डामिन. पण ती लार्डिल पुरुषांना दीक्षाविधीत शिकवायची खास बोली होती. घरीदारी लार्डिलच बोलायचे. शिवाय आफ्रिकेबाहेर जिभेच्या टिचकीचे ध्वनी शब्दांत वापरणारी दुसरी बोली माहीत नाही. दीक्षाविधी मिशनऱ्यांनी बंद पाडले, डामिनही त्यांच्याबरोबर गेली.

आणि ‘आपोआप मेली’ हे तर निव्वळ खोटं. १९४८ साली वादळात समुद्र आत घुसला, बेंटिंक बेटावरचं गोडं पाणी नासलं आणि कायार्डिल्ड बोलणाऱ्यांना मॉर्निंग्टन बेटावरच्या मिशनमध्ये हलवलं. तिथे मुलांना आईबापांपासून तोडून वसतिगृहात ठेवलं. पोरांच्या कानावर घरची भाषा पडणंच थांबवलं, तर ती पुढच्या पिढीकडे जाणार कशी?