‘कुंडली मांडणं’ या शेऱ्याबद्दल

ट्रायलोबाइटांच्या, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या कवचधारी समुद्री प्राण्यांच्या, कात टाकण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “दगडातल्या तुकड्यांवरून प्राणी कसा वागायचा ते सांगणं म्हणजे कुंडली मांडणं. मेल्यावर पाण्याने तुकडे विस्कटले, झालं.” त्यातलं ते ‘झालं’ मला लागलं. शंका विचारली असतीत तर आनंदाने उत्तर दिलं असतं. न विचारताच निकाल लावून मोकळं व्हायचं, ही कुठली रीत?

एक चूक मान्य. ट्रायलोबाइटला मी एके ठिकाणी ‘कीटक’ म्हटलं होतं. ते संधिपाद, म्हणजे खेकडे-कीटकांसारखे सांधेदार पायांचे प्राणी, पण कीटक नव्हेत. दुरुस्ती केली आहे.

आता तुमचं पाणी. फेकॉप्स या ट्रायलोबाइटाच्या गटात डोक्याची ढाल पुष्कळदा सुटून उताणी पडलेली सापडते आणि मागे धड-शेपूट अखंड. या मांडणीला १९व्या शतकातल्या जॉन सॉल्टर या इंग्रज अभ्यासकाचं नाव आहे. इतर अनेक ट्रायलोबाइटांच्या गालांवर शिवणी असत, त्या उसवून ते बाहेर पडत. फेकॉप्सच्या या शिवणी जुळून गेलेल्या. म्हणून तो डोकं आणि धड यांच्यामधला सांधा उघडून पुढे सरकायचा, आणि त्या ओढीत ढाल उलटायची. वाहत्या ओढ्यात एक वाटी सोडून बघा. प्रवाह तिला पालथी करतो, पालथीच ती टिकते. इथे ढाल उताणी आहे, आणि तीही एकाच नमुन्यात नव्हे, पुन्हा पुन्हा. विस्कटणाऱ्या पाण्याला एवढी शिस्त कुठून आली?

मी मालवणजवळ वाढले. आजीबरोबर खाडीत कुर्ल्या धरताना कात कितीदा हाती लागायची: पाय, नांग्या, डोळ्यांवरचं आवरणसुद्धा शाबूत, मागे फट, आत काही नाही. मेलेली कुर्ली उचलली की वासानेच कळतं. तुम्ही दोन्ही कधी हातात घेतलीत का? नसाल, तर मला कल्पनाशक्तीवर व्याख्यान देऊ नका.

कॅनडाच्या बर्जेस शेल या जीवाश्मांनी भरलेल्या खडकातला मॅरेला हा प्राणी ट्रायलोबाइट नव्हे, पण संधिपादच. २००४ साली गार्सिया-बेलिडो आणि कॉलिन्स या संशोधकांनी त्याचा एक नमुना प्रसिद्ध केला: जुन्या कवचातून बाहेर येता येताच गाडला गेलेला, सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी. यात कुठला ग्रह आला?

एकच प्राणी अनेक काती टाकतो, मग जीवाश्म मोजून संख्या कशी ठरवणार, हे तुमचं उरलेलं म्हणणं. माझ्या लेखात मोजणी नव्हतीच, त्यामुळे त्यात शिरत नाही.

लेखातलं चौथं चित्र मात्र एकदा नीट बघा. उताणी ढाल तिथेच आहे.